अ‍ॅम्प्लिफायरचा ‘क्लास’ म्हणजे काय? ए, एबी की डी : अहेरीच्या उन्हात टिकेल असा घरचा हाय-फाय कसा निवडायचा

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना गट-अ, गट-ब, गट-क, गट-ड ही उतरंड तोंडपाठ असते. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीत ‘क्लास-डी’ असं दिसलं की पहिला विचार येतो, हा शेवटच्या दर्जाचा माल असणार. आणि ‘क्लास-ए’ दिसलं की वाटतं, हा साहेब माणूस. मला अहेरीत आणि आलापल्लीत हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला आहे की शेवटी सगळं एका जागी लिहून काढायचं ठरवलं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. अ‍ॅम्प्लिफायरचा क्लास म्हणजे दर्जा नाही. आतले ट्रान्झिस्टर कोणत्या पद्धतीने काम करतात, त्या पद्धतीचं ते नाव आहे. एबीमध्ये भंगार माल मिळतो आणि डीमध्ये अफलातून मालही मिळतो. पण क्लासवरून तीन गोष्टी आधीच कळतात : तो किती तापेल, किती लाइट खाईल आणि बिघडला तर कोण दुरुस्त करेल. पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत बसलेल्या माणसाला या तिन्हींची फारशी फिकीर नसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, संध्याकाळी व्होल्टेज डिम होतं आणि चंद्रपूर शंभर किलोमीटरच्या वर आहे. म्हणून आपल्यासाठी निवड इथूनच सुरू होते.

अ‍ॅम्प्लिफायर नेमकं करतो काय?

फोनच्या हेडफोन जॅकमधून किंवा ब्लूटूथ रिसीव्हरमधून येणारा सिग्नल फार अशक्त असतो. एक व्होल्टच्या आसपास, आणि त्यामागे करंट जवळजवळ नाहीच. त्याने मोठ्या स्पीकरचा पडदा हलत नाही. अ‍ॅम्प हा सिग्नल घेतो आणि त्याच आकाराचा, पण दणकट सिग्नल तयार करून स्पीकरला देतो. ही ताकद तो भिंतीतल्या प्लगमधून आणतो.

म्हणजे अ‍ॅम्प हा एका अर्थाने नळ आहे. पाण्याची टाकी म्हणजे पॉवर सप्लाय, नळाची चावी म्हणजे ट्रान्झिस्टर आणि ती चावी फिरवणारा हात म्हणजे तुमच्या फोनमधलं गाणं. चावी कशी फिरवायची याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. त्यांनाच क्लास म्हणतात.

क्लास-ए : चूल कायम पेटलेली

चहाच्या टपरीवर गिऱ्हाईक असो-नसो, स्टोव्ह चालूच असतो. क्लास-ए तसाच. त्यातले ट्रान्झिस्टर एक क्षणही बंद होत नाहीत. गाणं वाजत नसतानाही पूर्ण करंट वाहत राहतो. ट्रान्झिस्टर सतत जागा असल्याने सिग्नल कुठेही तुटत नाही. म्हणूनच क्लास-एची कीर्ती आहे, आणि ती खोटी नाही.

पण किंमत बघा. सर्वात साध्या क्लास-ए सर्किटची कार्यक्षमता कागदावरसुद्धा २५ टक्के निघते, दोन बाजूंनी ढकलणाऱ्या सुधारित रचनेत जास्तीत जास्त ५० टक्के. बाकी सगळी उष्णता. ब्रिटनच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात जॉन लिन्सली हूड यांनी १९६९ साली १० वॅटचं एक क्लास-ए सर्किट दिलं होतं, ते हौशी लोक आजही बनवतात. ८ ओहमच्या स्पीकरसाठी ते साधारण २७ व्होल्टवर १.२ अँपिअर करंट सतत घेतं, म्हणजे एका चॅनलला ३२ वॅट. स्टिरिओला झाले ६५ वॅटच्या आसपास, आणि आवाजाला मिळतात १०-१० वॅट.

आता हे अहेरीत आणा. समजा हीटसिंकचा गुण असा आहे की दर वॅटमागे तो १ अंश तापतो. ३२ वॅट उष्णता म्हणजे हीटसिंक खोलीपेक्षा ३२ अंश गरम. खोली २५ अंशांवर असेल तर हीटसिंक ५७ वर. पण उन्हाळ्यात टिनाच्या छपराखालची खोली ४० अंशांवर असेल तर हीटसिंक ७२ वर, आणि हात लावला तर चटका. ट्रान्झिस्टर हे सोसतो. सोसत नाहीत ते शेजारचे कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा एक ढोबळ नियम आहे : तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. थंड गावात दहा वर्षं टिकणारा अ‍ॅम्प इथे चार-पाच वर्षांत कुरकुरायला लागला, तर त्यात कंपनीचाच दोष असतो असं नाही. उन्हाचाही वाटा असतो.

व्हॉल्व्हचे म्हणजे काचेच्या नळ्यांचे छोटे अ‍ॅम्प बहुतेक याच क्लासमध्ये चालतात. दिसायला सुंदर, ऐकायला गोड. पण आत ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो, जो बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये थोडा वेळ राहतो. झाकण उघडायचा खेळ यात करू नका.

क्लास-बी आणि एबी : दोघांची करवत

सागाचा ओंडका दोघांनी ओढायच्या लांब करवतीने कापताना पाहिला असेल. एक ओढतो तेव्हा दुसरा नुसता धरून असतो, मग दुसरा ओढतो. क्लास-बी हेच करतो. ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा अर्धा दुसरा. ज्याची पाळी नाही तो विश्रांती घेतो. त्यामुळे कार्यक्षमता कागदावर ७८.५ टक्क्यांपर्यंत जाते.

अडचण पाळी बदलताना येते. सिलिकॉन ट्रान्झिस्टरला जागं व्हायला साधारण ०.६ व्होल्ट लागतात. तेवढ्या पट्ट्यात एक थांबलेला असतो आणि दुसरा अजून उठलेला नसतो. करवत जागच्या जागी अडखळते. या विकृतीला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात. ती मोठ्या आवाजात झाकली जाते, पण रात्री हळू आवाजात बासरी किंवा तानपुरा लावला की कचकच ऐकू येते.

यावरचा तोडगा म्हणजे क्लास-एबी. दुसऱ्याने पहिला थांबायच्या आधीच ओढायला सुरुवात करायची. त्यासाठी दोन्ही ट्रान्झिस्टरमधून थोडासा करंट कायम वाहू देतात. त्याला बायस म्हणतात. थोडी लाइट जास्त जाते, पण अडखळणं जवळजवळ संपतं. गेली कित्येक दशकं जगातले बहुतेक घरगुती हाय-फाय अ‍ॅम्प याच पद्धतीचे आहेत. आपल्या दुकानांत ‘५२००-१९४३’ म्हणून ओळखली जाणारी ट्रान्झिस्टरची जोडी, आणि टीडीए२०३०, टीडीए७२९४, एलएम३८८६ या आयसी, हे सगळं एबीचं घराणं.

एबीमध्ये इथल्या हवेत एक गोष्ट मात्र बघावीच लागते. ट्रान्झिस्टर तापला की तो कमी व्होल्टवर उघडतो, दर अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने. म्हणजे तापला की बायसचा करंट वाढतो, करंट वाढला की अजून तापतो, आणि हे चक्र सुटलं की ट्रान्झिस्टर जळतो. चांगल्या डिझाइनमध्ये एक छोटा ट्रान्झिस्टर किंवा डायोड पहारेकरी म्हणून त्याच हीटसिंकला चिकटवलेला असतो. हीटसिंक तापला की तो बायस खाली आणतो. स्वस्त बोर्डांमध्ये हा पहारेकरी बोर्डाच्या मधोमध उभा असतो, हीटसिंकपासून दूर. त्याला आग लागल्याची खबर उशिराच मिळते. ट्रान्झिस्टरवर बांधलेला अ‍ॅम्प घेताना झाकण उघडून एवढं एक पाहिलं तरी अर्धं काम झालं. आयसीवाल्या बोर्डात हा बंदोबस्त आयसीच्या पोटातच असतो, तिथे हीटसिंक पुरेसा मोठा आहे का ते बघा.

क्लास-डी : पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद

नळ अर्धवट उघडा ठेवला की ताकद वाया जाते. ए आणि एबी अर्धवट उघड्या नळावरच चालतात, म्हणून तापतात. क्लास-डीचा ट्रान्झिस्टर अर्धवट राहतच नाही. तो सेकंदाला काही लाख वेळा पूर्ण उघडतो आणि पूर्ण बंद होतो. आवाज मोठा हवा तर उघडा राहण्याचा वेळ वाढवायचा, कमी हवा तर घटवायचा. काही मोबाइलच्या अमोलेड स्क्रीनची चमक कमी करताना ‘पीडब्ल्यूएम’ वापरतात हे तुम्ही रिव्ह्यूमध्ये ऐकलं असेल. युक्ती तीच. शेवटी एक कॉइल आणि एक कपॅसिटर ही जलद उघडझाप गाळून टाकतात आणि स्पीकरकडे फक्त गाणं जातं.

डी म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी झाल्यावर पुढचं अक्षर डी, एवढंच. क्लास-सी रेडिओच्या ट्रान्समीटरमध्ये वापरतात, गाण्याच्या अ‍ॅम्पमध्ये त्याचं काम नाही. क्लास-डी नवाही नाही. ब्रिटनच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ मध्येच एक्स-१० नावाचा असा अ‍ॅम्प विकायला काढला होता. पण त्या काळचे ट्रान्झिस्टर इतक्या वेगाने उघडझाप करायला पुरे पडत नव्हते. वेगवान मॉसफेट आणि तयार चिप स्वस्त झाल्यावर या पद्धतीचे दिवस आले. आज बहुतेक स्मार्टफोनच्या स्पीकरमागे क्लास-डी चिपच असते. नाहीतर आवाज मोठा करताच फोन तापला असता आणि बॅटरी बसली असती.

कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास. म्हणून तळहाताएवढा बोर्ड दोन मोठे स्पीकर आरामात हलवतो. टीपीए३११६ ही चिप बाजारात सगळीकडे दिसते. ती ४.५ ते २६ व्होल्टपर्यंत चालते, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीवरसुद्धा.

याचे तोटेही ऐका. एक, स्वस्त बोर्डातली कॉइल छोटी असेल तर मोठ्या आवाजात ती गुदमरते आणि तिखट सूर बिघडतात. दोन, ही उघडझाप रेडिओ लहरी फेकते. शेजारी एएम रेडिओ लावला तर खरखर येऊ शकते. तीन, अशा बहुतेक बोर्डांत स्पीकरची वजा तार जमिनीला म्हणजे ग्राउंडला जोडलेली नसते. दोन्ही स्पीकरच्या वजा तारा एकत्र बांधल्या तर बोर्ड गेला समजा.

जी आणि एच : मांडवातल्या अ‍ॅम्पसाठी

क्लास-जी आणि क्लास-एच म्हणजे एबीचेच हुशार भाऊ. आवाज लहान असताना कमी व्होल्टवर चालतात, ढोल पडला की वरच्या व्होल्टवर जातात. लग्नाच्या डीजेकडचे मोठे रॅकमधले अ‍ॅम्प बरेचदा क्लास-एच असतात. दिवाळीनंतर झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू होतो. मोकळ्या मैदानात हजारो माणसांना रात्रभर ऐकू जायला अशीच ताकद लागते. घरी तो अ‍ॅम्प आणू नका. त्याचा पंखा सतत घोंघावतो आणि हळू आवाजातल्या गाण्यात तोच ऐकू येतो. मंडळाच्या माइक-अ‍ॅम्पच्या मागे ‘१०० व्होल्ट लाइन’ असं टर्मिनल असतं. ते भोंग्यांच्या ट्रान्सफॉर्मरसाठी आहे. घरचा ८ ओहमचा स्पीकर त्याला लावायचा नाही.

क्लासपेक्षा कमी महत्त्वाचा नाही : पॉवर सप्लाय

जड ट्रान्सफॉर्मर असलेला अ‍ॅम्प साधा आणि दुरुस्तीला सोपा असतो. पण बाहेरचं व्होल्टेज पडलं की आतलंही तेवढंच पडतं. ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर अ‍ॅम्पची ताकद सुमारे ६१ टक्क्यांवर येते. ५० वॅटचा अ‍ॅम्प संध्याकाळी ३० वॅटचा होतो. बेस फाटायला लागतो तो यामुळेच, आणि आपण उगाच स्पीकरला दोष देतो.

एसएमपीएस म्हणजे लॅपटॉपच्या चार्जरसारखा पुरवठा. त्यावर ‘१००-२४० व्होल्ट’ छापलेलं असेल तर व्होल्टेज डिम झालं तरी आत फरक पडत नाही. हा त्याचा मोठा गुण. तोटा असा की लाइट परत येतानाचा झटका त्याला सोसवत नाही, आणि गेला तर गल्लीतल्या दुकानात सहसा दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. अ‍ॅम्पला अ‍ॅडॅप्टर वेगळा असेल तर बदलणं सोपं. एसएमपीएस आतच असेल तर सगळा अ‍ॅम्प पाठवावा लागतो.

इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे का ते बघा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प ‘हम्म्’ करत राहतो.

लाइट बिलाचा हिशोब

रोज ४ तास, महिन्याचे ३० दिवस, घरातल्या नेहमीच्या आवाजात धरू.

• छोटा क्लास-ए, १०-१० वॅटचा : सतत ६५ वॅट, म्हणजे सुमारे ८ युनिट.
• मोठा क्लास-ए, २५-२५ वॅटचा : २०० वॅट धरले तर २४ युनिट.
• मध्यम क्लास-एबी : २५ वॅट धरले तर ३ युनिट.
• क्लास-डी : ८ वॅट धरले तर १ युनिटपेक्षा किंचित कमी.

पैशात हा फरक मोठ्या क्लास-एमध्येच बोचतो. पण हेच आकडे उष्णतेचेही आहेत. मोठा क्लास-ए म्हणजे मे महिन्यात खोलीत २०० वॅटचा हीटर लावून गाणी ऐकणं.

वॅट किती हवेत?

बॉक्सवर ‘५००० वॅट पीएमपीओ’ लिहिलेलं असतं. पीएमपीओ मोजायची कुठलीही मान्य पद्धत नाही, तो आकडा डोळे मिटून सोडून द्या. आरएमएस बघा, आणि तो किती ओहमला, किती टक्के डिस्टॉर्शनवर आहे तेही. १० टक्के डिस्टॉर्शनवर सांगितलेला आकडा म्हणजे आवाज फाटल्यानंतरचा आकडा.

घरचा साधा स्पीकर १ वॅटला एक मीटरवर ८६ ते ८७ डेसिबल आवाज देतो. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. म्हणजे रोजच्या ऐकण्यात तुम्ही एक-दोन वॅटच वापरता. ढोलकीच्या थापेला क्षणभर दहापट लागतात, म्हणून २० ते ३० खरे वॅट हाताशी असले की दहा बाय बाराच्या खोलीला पुरतात. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ५० आणि १०० वॅटमधला फरक ऐकायला किरकोळच असतो.

अ‍ॅडॅप्टरवर चालणाऱ्या अ‍ॅम्पची थाप ओळखायची सोपी रीत : अ‍ॅडॅप्टरचे व्होल्ट गुणिले अँपिअर करा. २४ व्होल्ट ४ अँपिअर म्हणजे ९६ वॅट. त्यातून आवाजाला सलग फार तर ८५ वॅट मिळतील. बोर्डावर ‘३०० वॅट’ छापलं म्हणून वीज आभाळातून येणार नाही. आणखी एक. १२ व्होल्टवर असा बोर्ड ८ ओहमच्या स्पीकरला जेमतेम ९ वॅट देतो, ४ ओहमला १८. जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ६५ वॅटचा चार्जर चालू असेल तर त्याच बोर्डातून ८ ओहमला २२ वॅटच्या आसपास मिळतात. घरात पडलेला चार्जर कामी येतो.

दुरुस्ती कोण करणार?

मला विचाराल तर आपल्या भागात हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. ट्रान्सफॉर्मरवाला एबी अ‍ॅम्प गेला तर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेता येतो. ते मल्टीमीटर लावतात, गेलेला ट्रान्झिस्टर काढतात, नवा टाकतात. सुटे भाग मोठे असतात, हाताने डाग लागतो. क्लास-डीचा बोर्ड गेला तर ती बारीक चिप काढायला गरम हवेचं यंत्र लागतं, आणि तेवढ्या खटाटोपापेक्षा नवा बोर्ड मागवणं परवडतं. बोर्ड स्वस्त असेल तर हरकत नाही. महागडा कंपनीचा डी-अ‍ॅम्प असेल तर मात्र आधी विचारा : सर्व्हिस सेंटर कुठे आहे? नागपूर असेल तर जायचं-यायचं भाडं आणि दिवस हिशोबात धरा. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद होतो. तिकडच्या वाचकांनी पार्सलचा भरवसा त्या दिवसांत धरू नये.

बदली ट्रान्झिस्टर घेतानाही सांभाळा. ५२०० आणि १९४३ च्या नकला बाजारात भरपूर आहेत. भाव फारच कमी असेल, अक्षरं पुसट असतील, तर आतला सिलिकॉनचा तुकडा लहान असण्याची शक्यता मोठी. असा ट्रान्झिस्टर पहिल्याच ढोलाला जातो. नेहमीच्या ओळखीच्या दुकानातून घेतलेला बरा.

दुकानात काय तपासायचं?

१. आधी लहान आवाजात ऐका. दुकानदार नेहमी दणक्यात वाजवून दाखवतो, कारण दणक्यात सगळेच चांगले वाटतात. खरा फरक हळू आवाजात कळतो. फोनवर टोन जनरेटरचं अ‍ॅप टाकून २०० हर्ट्झचा सूर अगदी हळू लावा. तो गुळगुळीत यायला हवा. त्यात भुंग्यासारखी किरकिर असेल तर क्रॉसओव्हर डिस्टॉर्शनचा संशय घ्या.

२. गाणं बंद करून स्पीकरला कान लावा. हलकी ‘स्स’ चालेल. ‘हम्म्’ असेल तर पुरवठा किंवा ग्राउंड ठीक नाही.

३. एबी अ‍ॅम्प चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी आतून ‘टक्’ आवाज येतो का? तो प्रोटेक्शन रिलेचा. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर ३०-४० व्होल्ट डीसी सरळ स्पीकरमध्ये जाऊन कॉइल जाळतो. रिले मधली तार तोडून स्पीकर वाचवतो. किटचा अ‍ॅम्प बांधून घेत असाल तर हा रिले बोर्ड टाळू नका.

४. अर्धा तास वाजवा आणि हीटसिंकला हात लावा. पाच सेकंद हात ठेवता आला तर ठीक. दुकान एसीचं असेल तर घरी तो याहून १०-१५ अंश जास्त तापेल, हे मनात धरा.

५. मागे स्पीकर किती ओहमचा चालतो ते वाचा. ‘८ ओहम’ लिहिलं असेल तर ४ ओहमचा स्पीकर जोडू नका. करंट दुप्पट होतो.

६. तीन पिनचा प्लग असेल तर घरात अर्थिंग खरंच आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या.

मग घ्यायचा कोणता?

हॉस्टेल किंवा भाड्याची खोली, लाइट सारखी जाते, बजेट कमी : क्लास-डी बोर्ड किंवा छोटा तयार डी-अ‍ॅम्प, वेगळ्या अ‍ॅडॅप्टरसह. बॅटरीवरही चालेल, उन्हात तापणार नाही, गेला तर फार नुकसान नाही.

घरची पक्की खोली, दहा वर्षं वापरायचा, चांगले स्पीकर आहेत : ट्रान्सफॉर्मरवाला क्लास-एबी, २५ ते ५० खरे वॅट, मोठा हीटसिंक, रिले असलेला. व्होल्टेज फार पडत असेल तर सोबत स्टॅबिलायझर. माझं मत विचाराल तर अहेरी, सिरोंचा, एटापल्लीकडच्या कुटुंबाला हाच जास्त लाभतो, कारण तो इथल्या इथे दुरुस्त होतो.

तेलुगू गाण्यांचा दणदणीत बेस हवा, सबवूफर जोडायचा आहे : बेसला क्लास-डी, बाकी स्पीकरला एबी. सबवूफरला ताकद जास्त लागते आणि तिथे डीची काटकसर उपयोगी पडते.

शांत रात्री नाट्यगीत, गझल, बासरी ऐकणारा, हिवाळ्यात जास्त ऐकणारा : छोटा क्लास-ए, पण फक्त स्पीकर कमी वॅटमध्ये मोठा आवाज देणारे असतील, म्हणजे ९० डेसिबलच्या वर, तरच. उन्हाळ्यात दुपारी तो बंद ठेवायची तयारी हवी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*क्लास-डीचा आवाज कोरडा असतो का?*
जुन्या आणि अगदी स्वस्त बोर्डांबद्दल हे खरं होतं. चांगल्या डिझाइनच्या डी आणि एबीमधला फरक सामान्य खोलीत डोळे मिटून ओळखणं कठीण आहे. त्यापेक्षा स्पीकर आणि तो भिंतीपासून किती दूर ठेवला, याने आवाज जास्त बदलतो.

*पैसे कशावर जास्त घालू?*
स्पीकरवर. मी माझ्या बजेटचे निम्म्याहून जास्त पैसे नेहमी स्पीकरला ठेवतो.

*फोन कसा जोडू?*
ब्लूटूथ सोयीचं, तार स्वच्छ. तारेने जोडताना फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि अ‍ॅम्पच्या नॉबने कमी-जास्त करा. फोनमधला बेस बूस्ट बंद ठेवा, नाहीतर अ‍ॅम्पपर्यंत पोचायच्या आधीच आवाज फाटतो.

*अ‍ॅम्प कपाटात ठेवला तर?*
डी चालेल, एबीला वर आणि मागे चार बोटं मोकळी जागा द्या. वर कापड, वह्या, देवाचा फोटो काही ठेवू नका. पावसाळ्यात जाळीतून पाली आणि किडे आत शिरतात, म्हणून मागे बारीक जाळी असलेला डबा बरा. विजा कडाडायला लागल्या की बटन बंद करून भागत नाही. प्लग काढा, आणि डिशची किंवा अँटेनाची तार अ‍ॅम्पला जोडलेल्या टीव्हीला येत असेल तर तीही काढा.